लाल सुतळीचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. अंगानं निळी, भिंतींनी जाड आणि स्वभावानं थंड. माझ्या पोटात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या उभ्या राहतात आणि त्यांच्या मधे जे ठेवाल ते दिवसभर गार राहतं. एवढंच माझं काम. माणसांसमोर बोलायची आम्हा पेट्यांना मुभा नाही, आणि या गोष्टीचं मला आयुष्यात एकदाच फार वाईट वाटलं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यात, साच्यातून झाला. एकाच दिवशी एकाच मापाच्या शेकडो पेट्या जन्मल्या, त्यामुळे मला बहिणी किती हे विचारू नका. पहिली दीड-दोन वर्षं मी पोलिओचे डोस वाहिले. जुईनगरपासून करावे गावापर्यंत माझी फेरी असे. मला बघून तुमच्यातल्या कित्येकांनी भोकाड पसरलेलं आहे, उगाच हसू नका. मग नव्या पेट्या आल्या, माझ्या झाकणाची कडी तुटली आणि मला कोपऱ्यात टाकलं गेलं. तिथून मला उचललं करिमुन्निसा सिस्टरनी. त्या श्रीवर्धनकडच्या, नर्स म्हणून वीस वर्षं घासलेल्या, बोलायला चटचटीत आणि आतून मऊ. माझ्यावरची धूळ पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "ही अजून चालंल." मला ते बोलणं फार आवडलं.

हे सत्त्याण्णव साल. सिस्टरांना नवं काम मिळालं होतं. ते काम सांगताना मुलींनी लाजायचं नाही आणि मुलग्यांनी खिदळायचं नाही. आईच्या पोटात बाळ ज्या पिशवीत वाढतं तिला गर्भाशय म्हणतात. त्या पिशवीच्या तोंडाशी कधी कधी कॅन्सर होतो. तो एका दिवसात होत नाही. आधी एक विषाणू तिथं येतो. बहुतेक वेळा तो आपला आपण निघूनही जातो, पण एखाद्या बाईच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि मग तिथल्या पेशी हळूहळू बिघडायला लागतात. बाईला काही दुखत नाही की खुपत नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

तोवर काचेच्या पट्टीवर पेशी पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायची पद्धत होती. आता त्या विषाणूचाच माग काढायची नवी तपासणी एका प्रयोगशाळेत अजमावून बघत होते. सिस्टर बायकांचे नमुने छोट्या नळ्यांमध्ये घ्यायच्या, त्या नळ्या माझ्या पोटात ठेवायच्या आणि मी त्या बेलापूरच्या प्रयोगशाळेत मुझम्मिलच्या हाती द्यायची. मुझम्मिल तिथला तंत्रज्ञ, पनवेलचा. त्याच्याकडे एक यंत्र होतं. ते नमुना तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं, असं तीस-पस्तीस वेळा. नमुन्यात विषाणूचा एवढासा धागा जरी असला तरी एकाचे दोन, दोनाचे चार असं करत त्याचे लाखो व्हायचे आणि शेवटी एक उजळ रेघ दिसायची. त्या तापट यंत्राशी माझं कधी जमलं नाही, पण त्याची हुशारी मी मान्य करते.

फाल्गुनातल्या एका सोमवारी जुईनगरच्या बालवाडीत शिबिर होतं. आजूबाजूच्या चाळींमध्ये साताऱ्याकडची घरं पुष्कळ. पुरुष दाणाबाजारात पोती वाहायचे, बायका घरात बसून बाजाराची फाटकी बारदानं शिवून द्यायच्या. दुपारपर्यंत सेहेचाळीस बायका होऊन गेल्या. नाव लिहितानाच खरा वेळ जाई, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की बाई पदर तोंडाशी धरून गप्प उभी राहायची आणि सोबत आलेल्या शेजारणीला ते सांगावं लागायचं. घराचा पत्ताही नवऱ्याच्याच नावानं सापडणारा.

सत्तेचाळिसावी बाई एकटीच आली. पस्तिशीची असावी. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. नेमक्या त्याच वेळी सिस्टरांनी मला उचललं आणि माझा जुना पट्टा बुडातून तुटला. मी दाणकन खाली बसले. ती बाई माझ्यापाशी टेकली, कमरेच्या पिशवीतून बारदान शिवायचं दाभण काढलं, लाल सुतळी ओवली आणि बारदानाचा दुहेरी तुकडा लावून पट्टा शिवून टाकला. दर तिसऱ्या टाक्याला ती सुतळी उलटी फिरवून गाठ मारत होती. तिच्या उजव्या तर्जनीवर दाभणाचा एक जुना, पांढरा वण होता. पोलिओच्या दिवसांत मला इतकी माणसं हाताळून गेली, पण एवढ्या जिव्हाळ्यानं कुणी हात लावल्याचं आठवत नाही.

मग नाव विचारायची वेळ आली. तिच्यासोबत नवऱ्याचं नाव सांगायला कुणीच नव्हतं. सिस्टरांना दया आली. नवऱ्याचं राहू द्या, फक्त तुमचं सांगा, असं त्या म्हणाल्या. बाई हळूच म्हणाली, "पुतळा. पुतळा बाबासो." बाबासो हे वडिलांचं नाव, हे सिस्टरांना समजलं. घर कुठं, तर बारदानं शिवतात त्या गल्लीत. सिस्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. एका लाजऱ्या बाईला अडचणीत आणायचं नाही म्हणून केलेली ती चूक, पण चूक ती चूकच.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आम्ही प्रयोगशाळेत गेलो तेव्हा मुझम्मिलचा चेहरा उतरलेला होता. सत्तेचाळीस नंबरच्या नळीत विषाणू सापडला होता, आणि तोही धोक्याच्या जातीचा. त्यानं तपासणी पहिल्यापासून पुन्हा केली होती, तरी रेघ तीच आली. जोडीला घेतलेल्या काचेच्या पट्टीवर मात्र पेशीच थोड्या आल्या होत्या, त्यावरून काहीच ठरत नव्हतं. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही, पण त्या जागेकडे दुर्बिणीतून बघायला हवं होतं. ती दुर्बीण घेऊन डॉक्टरीणबाई येत्या गुरुवारी येणार होत्या आणि त्यानंतर थेट पावसाळ्यात.

"सिस्टर, गुरुवारपर्यंत ही बाई मिळायलाच पायजे," मुझम्मिल म्हणाला.

दुपारी सिस्टर मला खांद्याला अडकवून त्या गल्लीत शिरल्या. तिथं वेगळीच घाई चालली होती. चैत्रातल्या यात्रेला गावी जायचं म्हणून गावाकडचा ट्रक ठरला होता, रविवारी सकाळी निघणार होता. जागोजागी बोचकी बांधली जात होती. कोण आठ दिवसांनी परतणार, कोण जूनमध्ये, कोण परतणारच नाही. सिस्टरांच्या कपाळावर घाम आला, आणि खरं सांगते, माझ्या बाहेरच्या अंगालाही आला.

दारोदार त्या एकच विचारत होत्या, पुतळा बाबासो इथं कोण? कशाला, म्हणून विचारलं की कागदावर सही राहिलीय एवढंच सांगत. आजाराचं नाव गल्लीत निघालं असतं तर त्या बाईला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण पुतळा कुणालाच माहीत नव्हती. एकोणीस दारं झाली.

विसाव्या दारात बाळाबाई बसल्या होत्या. साठीच्या, दणकट, आवाज असा की शेजारच्या गल्लीनं ऐकावं. त्यांचा मुलगा हौसेराव बाजारात हमाल होता. पुतळा कोण म्हणता, आमच्यात तसली कुणी न्हाई, असं सांगून त्यांनी आत बघून हाक दिली, "वेणू, शिस्टरला पानी आन गं."

सून पाणी घेऊन आली. तांब्या पुढं करणाऱ्या हाताच्या तर्जनीवर पांढरा वण होता.

मित्रांनो, मी तो लगेच ओळखला. सिस्टरांनी नाही ओळखला, त्यांचा काय दोष? त्या दिवशी त्यांनी पदराखालची सत्तेचाळीस तोंडं पाहिली होती. या घरांतून लग्नात सुनेचं नाव बदलत असत, तेव्हा गोष्ट उघड होती. सासरी जी वेणूबाई, ती माहेरी पुतळा होती. चोरून केलेल्या तपासणीला तिनं चोरून ठेवलेलं नाव दिलं होतं, म्हणजे सासरच्या कानावर काही जायला नको.

सिस्टरांनी तिलाही विचारलं. वेणूबाईची नजर माझ्या पट्ट्यावर गेली, लाल सुतळीवर क्षणभर थांबली आणि खाली वळली. "मला न्हाई ठावं," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना तांब्यातलं पाणी माझ्या झाकणावर सांडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, हीच ती. पण पेटीचं ओरडणं कोण ऐकणार? बोलताना बाळाबाई सहज म्हणाल्या की सून यंदा गावीच ठेवणार, शेताकडं बघायला माणूस नाही. आणि आम्ही पुढच्या दाराला निघालो. एवढी हतबल मी कोपऱ्यात पडून होते तेव्हाही नव्हते.

शनिवारी सकाळी सिस्टर वही उघडून बसल्या होत्या. रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता. शिबिराच्या दिवशीच्या पानावर शेवटचं नाव सत्तेचाळीसचं होतं. त्या पुटपुटत माझ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवू लागल्या आणि त्यांचा अंगठा पट्ट्यावरून फिरला. फिरला तो थांबला. शेवटच्या बाईनं पट्टा शिवला होता. त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि टाके मोजले. एक, दोन, तीन, गाठ. एक, दोन, तीन, गाठ. मी आनंदानं फुटायची बाकी राहिले.

त्या पुन्हा गल्लीत आल्या, पण या वेळी नाव विचारत नव्हत्या, बारदानं बघत होत्या. दारादारापाशी शिवलेल्या बारदानांचे ढीग होते, त्यात सरळ टाके, तिरपे टाके, ढिले टाके. विसाव्या दारात गावी न्यायच्या सामानाची एक मोठी पिशवी होती आणि तिच्या तोंडाला लाल सुतळी. दर तिसऱ्या टाक्याला गाठ. ही कुणी शिवली, असं सिस्टरांनी विचारलं. बाळाबाईंना कौतुक लपवता आलं नाही. त्या म्हणाल्या, आमच्या वेणूनं, तिच्या हातचा टाका उसवत नाही.

सिस्टर हो म्हणाल्या आणि वळून कोपऱ्यावर आल्या. तिथं त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि माझा तो पट्टा, माझा सगळ्यात लाडका पट्टा, कराकरा कापला. मी थक्कच झाले. मग मला छातीशी धरून त्या परत त्या दारात आल्या आणि पट्टा तुटलाय, सूनबाई शिवून देतील का, असं म्हणाल्या. तेव्हा कुठं माझ्या थंड डोक्यात उजेड पडला.

वेणूबाई ओट्यावर बसली आणि मला मांडीशी घेतलं. सिस्टर शेजारी टेकल्या. बाळाबाई उंबऱ्याच्या आत लसूण सोलत होत्या. दाभण आत गेलं, बाहेर आलं. पहिला टाका. दुसरा टाका.

"ही गाठ कोणी शिकवली?" सिस्टरांनी अगदी हळू विचारलं.

"आईनं."

"आई काय नावानं हाक मारायची?"

दाभण तिथंच थांबलं. गल्लीत कुणीतरी ट्रंक ओढत होतं. मग तिसरा टाका पडला, सुतळी उलटी फिरली, गाठ बसली.

"पुतळा," ती म्हणाली.

सिस्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग त्यांनी तिला सगळं नीट सांगितलं. याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. एक विषाणू आहे, तो कित्येक बायकांना होतो, त्यात तुझं काही वाईट वागणं नाही. पण असंच सोडलं तर पुढं कॅन्सर होऊ शकतो, आणि आत्ता बघितलं तर तो थांबवता येतो. गुरुवारी दुर्बिणीची तपासणी आहे. वेणूबाईच्या डोळ्यांतून पाणी सरळ माझ्या झाकणावर पडत होतं. उद्या ट्रक जातोय, ती म्हणाली. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, काय सांगू, घरच्यांना काय सांगू, त्यांना वाटेल हिला काय घाण लागली. "त्यापरीस ऱ्हाऊ द्या शिस्टर. काय व्हायचं ते हुईल."

सिस्टरांनी पुन्हा समजावलं, आणि पुन्हा. ती नुसती मान हलवत होती. त्या क्षणी मला वाटलं, आपण बाईला शोधलं पण वाचवू शकत नाही.

"गुरवारी जायचं," उंबऱ्याच्या आतून आवाज आला.

आम्ही तिघीही दचकलो. बाळाबाईंचा लसूण कधीच सोलून झाला होता. गल्ली हलवणारा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"ट्रक जाऊ दे. यात्रा फुडच्या सालीबी येती," त्या म्हणाल्या. मग त्या बाहेर येऊन सुनेजवळ बसल्या आणि त्यांनी सांगितलं की त्यांची धाकटी जाऊ अशीच गेली. वर्षभर अंगावरून जात होतं, तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगावं असं तिला वाटावं, असं घरातही कुणी वागलं नाही. "मीबी न्हाई वागले," त्या म्हणाल्या.

वेणूबाईनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मित्रांनो, त्या बाईला मी चोवीस तास मनातल्या मनात खाष्ट म्हणत होते. थंड डोक्याच्या पेटीचासुद्धा अंदाज चुकतो, हे मी त्या दिवशी शिकले.

गुरुवारी हौसेराव बायकोला घेऊन आरोग्य केंद्रावर आला. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणारा गडी, पण दारापाशी येऊन त्याचे पाय अडले. त्याला काय करावं ते सुचेना म्हणून सिस्टरांनी मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सांभाळायला सांगितलं. आत तपासणी चालू होती तेवढा सगळा वेळ तो मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. माझ्या पोटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या.

डॉक्टरीणबाईंना दुर्बिणीतून एक पांढरा चट्टा दिसला. त्याचा कणभर तुकडा तपासायला गेला. उत्तर यायला आठ दिवस. ते आठ दिवस त्या घरानं कसे काढले ते मला माहीत नाही, पण सिस्टरांनी कसे काढले ते मी पाहिलं. त्या दोनदा माझ्यात बर्फ ठेवायला विसरल्या.

उत्तर आलं. कॅन्सर नव्हता. त्याच्या एक पायरी अलीकडची अवस्था होती. डॉक्टरीणबाई खास पुन्हा आल्या आणि त्यांनी तो चट्टा गार वायूनं गोठवून काढून टाकला. हो, गोठवून. थंडपणाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

त्या दिवशी बाळाबाईही सोबत होत्या. सूनबाई बाहेर आल्यावर त्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेल्या आणि माझीही तपासणी करा म्हणाल्या. सिस्टरांनी वही उघडली आणि नाव विचारलं. बाळाबाई टेबलावर वाकल्या.

"गजरा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सांत कुनी इचारलंच न्हाई."

सिस्टरांनी गजरा लिहिलं. त्याखाली बाळाबाई लिहिलं, हौसेरावाचं नाव लिहिलं आणि खोली नंबरही लिहिला. तेव्हापासून त्यांच्या वहीत प्रत्येक बाईची दोन्ही नावं असत.

आता एकोणीसशे नव्याण्णव साल आहे. तो प्रयोग संपला. माझ्या एका भिंतीला तडा गेला आहे आणि बर्फ दुपारपर्यंतही टिकत नाही. मी सिस्टरांच्या कपाटावर असते, माझ्यात जुन्या वह्या ठेवलेल्या आहेत. सहा महिन्यांनी, मग वर्षानं, वेणूबाई तपासायला येते. विषाणू पुन्हा दिसलेला नाही. आली की ती आधी माझा पट्टा ओढून बघते. टाका उसवलेला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू जुनी झाली म्हणून फेकण्याआधी तिला पुसून बघा, हे तर खरंच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. आज घरी गेलात की आईला विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणून हाक मारायचे? ती आधी हसेल, मग सांगेल. सांगितलं की तिच्याजवळच बसून राहा आणि पुढचा प्रश्न विचारा, तू स्वतःची तपासणी करून घेतलीस का? नाही म्हणाली, तर तिला एकटीला पाठवू नका. दारापाशी बसायला तुम्ही जा.